तेल्याची पुडी, टीबीचं इंजेक्शन आणि जीनोम

नाशिक जिल्ह्यात सटाणा, देवळा, मालेगावकडच्या कुठल्याही डाळिंबवाल्याला विचारा, तेल्या (डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा जंतूंचा रोग) दिसला की स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आणि सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं औषध फवारायचं, तोंडपाठ असतं. त्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन, आणि स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला टीबी झाला की जे इंजेक्शन टोचायचे तेच औषध. आता जंतूंचे जीनोम (त्यांच्या डीएनएतली सगळी अक्षरं) वाचून रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं, शोधतात म्हणतात ना, त्याची गोष्ट या एका औषधावरून पण सांगता येते.

१९४३ ला अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ नावाच्या विद्यार्थ्याने मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलं (१९५२ चं नोबेल मात्र एकट्या त्याच्या सरांना, वॅक्समनना, औषधाच्या श्रेयावरून त्याआधी कोर्टकचेरीही झालेली). मग ब्रिटनमध्ये टीबीच्या पेशंटवर नीट ट्रायल झाली, निकाल १९४८ चा. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले, नुसत्या बेडरेस्टवाल्या ५२ पैकी १४. सगळे खूश. पण पाच वर्षांनी मोजलं तर औषधवाले ३२ आणि बेडरेस्टवाले ३५ गेलेले, म्हणजे फरक जवळपास पुसलाच गेला, कारण एकच औषध दिल्यामुळे बहुतेकांच्या अंगातले जंतू त्याला दाद देईनासे झाले होते. टीबीला दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली ती यातूनच.

हे कसं होतं ते कळायला मात्र खूप वर्षं लागली. हे औषध जंतूच्या रायबोसोमला (पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना) चिकटतं, आणि आरपीएसएल नावाच्या जीनमधलं एखादं अक्षर बदललं तरी ते चिकटत नाही, बस. १९९८ ला टीबीच्या जंतूचा अख्खा जीनोम वाचून झाला, साधारण ४४ लाख अक्षरं, आणि असे बदल एकेक करून शोधायची सोय झाली. २०२१ ला डब्ल्यूएचओने ३८ हजारांहून जास्त नमुन्यांवरून कुठला बदल कुठल्या औषधाला नडतो याचा कॅटलॉगच काढला.

पण टीबीचा जंतू तसा एकलकोंडा, स्वतःतच बदल करतो. खरी भानगड बाकीच्यांची. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे जंतू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशा चारही औषधांना एकदम पुरून उरायला लागले, आणि १९५९ ला तिथल्याच लोकांनी दाखवलं की हा रेझिस्टन्स एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीला देतो. प्लास्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं, पत्त्यांसारखं या हातातून त्या हातात.

आणि इथे परत फळबाग येते बरं का. १९९३ ला अमेरिकेत मिशिगनच्या सफरचंदाच्या बागेतला, स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारा जंतू तपासला तर त्यातले एसटीआरए आणि एसटीआरबी हे जीन माणसाला त्रास देणाऱ्या जंतूंच्या प्लास्मिडवरच्या जीनशी जवळपास तंतोतंत जुळले. कोणी कोणाकडून घेतले ते एवढ्यावरून नाही सांगता येत, पण बागेतले जंतू वेगळे आणि दवाखान्यातले वेगळे असं म्हणायची सोय मात्र संपली.

केंद्राने डिसेंबर २०२१ ला शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनवर बंदीचा मसुदा काढला आणि वापर पूर्ण थांबवायला १ जानेवारी २०२४ ही तारीख धरली, तो याच धाग्यातला. आता तेल्याला दुसरं तितकंच भरवशाचं काय मारायचं, हा डाळिंबवाल्याचा प्रश्न, आणि तोही खोटा नाही.