अवांतर वाचन

अभ्यासक्रमात नसलेली पुस्तकं, मासिकं, पेपर मुलांनी आपल्या आवडीनं वाचणं म्हणजे अवांतर वाचन. गोष्टी, कविता, चरित्रं, प्रवासवर्णनं, किल्ल्यांची माहिती, विज्ञानावरची पुस्तकं हे सगळं यात येतं आणि कॉमिक्स चालतात का असं पालक अजून विचारतात तर हो, नक्की चालतात. यावर परीक्षा नसते, मार्क नसतात, पुस्तक नाही आवडलं तर अर्ध्यात सोडायची मोकळीक असते आणि ही मोकळीकच यात सगळ्यात महत्त्वाची.

मराठीच्या पाठ्यपुस्तकातले बरेच धडे म्हणजे मोठ्या पुस्तकातून घेतलेले उतारे असतात. धड्याच्या सुरुवातीला लेखकाचा परिचय, त्यात त्याच्या चार-पाच पुस्तकांची नावं. मुलं ती नावं पाठ करतात, पण त्यातलं एकही पुस्तक हातात धरलेलं नसतं, आणि शाळेत पण कोणी म्हणत नाही की हे घे, हा उतारा यातला आहे, पुढे काय झालं ते वाच. नववी-दहावीच्या पुस्तकात स्थूलवाचन म्हणून वेगळे पाठ असतात, त्यावरही पेपरात प्रश्न येतात म्हटल्यावर मुलं गाईड उघडतात आणि तेही अभ्यासातच जमा होतं.

मराठीत मुलांसाठी मासिकं काढायची परंपरा जुनी आहे. बालबोधमेवा 1870 च्या दशकात सुरू झालं, वा. गो. आपटे यांनी 1906 मध्ये आनंद काढलं. पुढे बालभारतीनं, म्हणजे पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या संस्थेनंच, 1971 मध्ये किशोर सुरू केलं आणि त्याचे जुने अंक आता ऑनलाइन फुकट वाचता येतात, घरात लहान मूल असेल तर जरूर बघा.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं हवीत असं स्पष्ट लिहिलंय. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला 5 हजार ते 20 हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं अजिबातच येत नाहीत असं नाही, पण आलेली पुस्तकं बऱ्याच ठिकाणी ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जातात, कपाटाला कुलूप, चावी मुख्याध्यापकांकडे. पुस्तक हरवलं, फाटलं तर स्टॉक रजिस्टरला जुळणार कसं ही भीती असते आणि ती खोटी नाही, ऑडिटला उत्तर शिक्षकालाच द्यावं लागतं. पण वर्षभर न उघडलेलं कोरं पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकापेक्षा मोठं नुकसान आहे, कारण हरवलेलं निदान कुणीतरी वाचलेलं तरी असतं. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी आहेत हे आहे.

ज्या शाळांत पुस्तकं कपाटातून मुलांच्या हातात पोचलीत तिथले उपाय साधे आहेत. वर्गात खिडकीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधायची, त्यावर पातळ पुस्तकं उघडी करून टाकायची म्हणजे कव्हर दिसतं, पहिलीतल्या मुलाचाही हात पोचेल एवढ्या उंचीवर. देवघेवीची वही मुलंच सांभाळतात, नाव, पुस्तक, तारीख, बस. दुसरं म्हणजे शिक्षकानं रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणं. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं, पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचं, मधल्या सुट्टीत त्या पुस्तकावरून भांडणं लागतात. मोठ्या वर्गांनाही हे आवडतं, आठवीतली मुलं सुरुवातीला लाजतात, पण ऐकतात. आणि वाचून झाल्यावर सारांश लिहून आणा, तात्पर्य सांगा असलं काही मागायचं नाही, तेवढ्यानं मूल पुढचं पुस्तक घ्यायला येत नाही.

महाराष्ट्रात 2015 पासून 15 ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा वाढदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळचं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिथे लोकांच्या घरांत, लॉजमध्ये, देवळात पुस्तकं मांडलेली आहेत, कुठेही बसून वाचा, पैसे लागत नाहीत, शाळेची सहल न्यावी अशी जागा. मोबाईलवर वाचायचं तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत.

घरची अडचण वेगळीच, तिथे आधी अभ्यास कर मग ते वाच असं सांगतात आणि अभ्यास काही संपत नाही. मे महिन्यात वेळच वेळ असतो तर शाळेचं कपाट बंद. म्हणून काही शिक्षक एप्रिलमध्येच प्रत्येकाला दोन-तीन पुस्तकं घरी देऊन टाकतात, मुलं ती आपसात बदलून वाचतात आणि जूनमध्ये परत आणतात. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर बाल विभाग आहे का ते विचारावं, वर्गणी फार नसते.