टॅबला सिम हवे का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल दुकानांत टॅब मागितला की दुकानदार आधी विचारतो, ‘वायफायवाला दाखवू की सिमवाला?’ दोघांच्या किमतीत काही हजारांचा फरक असल्याने गिऱ्हाईक बहुतेक वेळा पैशाकडे पाहून उत्तर देते. या प्रश्नामागे मात्र वीस वर्षांचा वाद आहे. हातात धरून इंटरनेट वापरण्यासाठीच बनवलेल्या यंत्रात मोबाइल फोनही असावा की नाही, यावर यंत्रे बनवणाऱ्यांचे कधीच एकमत झाले नाही.

वादाची सुरुवात २००५ साली आलेल्या नोकिया ७७० या ‘इंटरनेट टॅबलेट’पासून धरता येते. सुमारे ४.१ इंची पडदा, लिनक्सवर आधारलेली मायमो प्रणाली, वायफाय आणि ब्लूटूथ एवढे सगळे त्यात होते. फोन तेवढा नव्हता. त्या काळी जगात सर्वाधिक फोन विकणाऱ्या कंपनीनेच फोन वगळावा, याचे अनेकांना नवल वाटले होते. त्यामागचा विचार असा होता की, गिऱ्हाइकाच्या खिशात फोन आधीच आहे, तेव्हा घराबाहेर असताना तोच ब्लूटूथने जोडावा आणि त्याचे जीपीआरएस, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यावरचे त्या काळचे संथ इंटरनेट, वापरावे. शिवाय अनेक देशांत फोन हे दूरसंचार कंपन्यांच्या करारांसोबत आणि त्यांच्या अटींवर विकले जात. सिम नसलेले यंत्र या साखळीबाहेर राहू शकत होते. मोबाइलच्या जाळ्याशी जोडणारा मोडेम घातला की किंमत वाढते, बॅटरी लवकर उतरते आणि प्रत्येक देशातील चाचण्या व परवानग्यांचे काम मागे लागते, हाही भाग होताच. २००७ मध्ये आलेल्या एन८०० आणि एन८१० या पुढच्या दोन यंत्रांतही फोन नव्हता. एन८१०ची वायमॅक्स या लांब पल्ल्याच्या बिनतारी इंटरनेट जाळ्यावर चालणारी आवृत्ती २००८ मध्ये निघाली, पण ती फार टिकली नाही. अखेर २००९ च्या एन९०० मध्ये सिम आले आणि त्याच घराण्यातले यंत्र उघडपणे फोन झाले.

नोकियाचा मूळ विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ज्या घरात प्रत्येकाकडे स्वतःचा फोन आहे आणि भिंतीवर वायफायचा राउटर आहे, त्या घरापुरता तो बरोबरच होता.

२०१० मध्ये या प्रश्नाचे दोन तुकडे झाले. ॲपलचा आयपॅड आधी केवळ वायफायसह आणि काही आठवड्यांनी थ्रीजीसह आला. अमेरिकेत पहिल्याची किंमत ४९९ डॉलर, तर दुसऱ्याची ६२९ डॉलर होती. थ्रीजीच्या आयपॅडमध्ये सिम असले तरी नेहमीचा फोन लावता येत नव्हता, म्हणजे डेटाला होकार आणि आवाजाला नकार. उपग्रहावरून ठिकाण सांगणारे जीपीएसही सिमच्या आयपॅडमध्येच होते, ही बाब खरेदी करताना बहुतेकांच्या लक्षात येत नसे. त्याच वर्षी सॅमसंगचा सात इंची गॅलॅक्सी टॅब आला. अमेरिकेत त्याची कॉलची सोय बंद ठेवलेली होती, तर भारतात विकल्या गेलेल्या टॅबवरून सरळ फोन लावता येत होता. यंत्र तेच असून देशागणिक सोय बदलते, म्हणजे अडचण तंत्राची नसून बाजाराच्या रचनेची होती.

भारतात या वादाला सरकारी वळण लागले ते ‘आकाश’मुळे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा हा सात इंची टॅब दिल्लीत सादर केला. स्वस्ताईसाठी विद्यार्थ्यांच्या आवृत्तीत केवळ वायफाय ठेवले होते. खुल्या बाजारासाठीच्या ‘युबीस्लेट’ आवृत्तीत मात्र सिम आणि जीपीआरएसची सोय होती. देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला, म्हणजे पुढे ‘भारतनेट’ झालेल्या योजनेला, मंजुरी मिळाली तीही त्याच महिन्यात. जे वायफाय गृहीत धरून टॅब बनवला होता, ते गावापर्यंत नेणारी तार तेव्हा कागदावरच होती.

म्हणूनच पुढच्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे ‘कॉलिंग टॅब’ चांगले खपले. गॅलॅक्सी टॅब २ आणि २०१३ चा आसुसचा फोनपॅड ही त्यातली माहितीची नावे. बसस्थानकावर कोणी सात इंची पाटी कानाला लावून बोलू लागला की आजूबाजूचे लोक हसत. पण त्याचा हिशेब पक्का होता. यंत्र एक, रिचार्ज एक आणि भारनियमनाच्या दिवसांत चार्जिंगला लावायची वस्तूही एकच.

मराठवाड्यात हा प्रश्न मला सर्वांत जवळून दिसला तो २०२० मध्ये, शाळा बंद असताना. गेवराई तालुक्यातील एका घरात पुण्याच्या नातेवाइकांनी पाठवलेला वायफायचा टॅब होता आणि स्मार्टफोन एकच, वडिलांचा. सकाळी वडील ओसरीवर असेपर्यंत त्यांच्या हॉटस्पॉटवर तास चाले. ते सोयाबीन काढायला रानात गेले की टॅबवरचे चक्र गरगरत राही. ते घरी असले तरी मध्येच मुकादमाचा फोन येई आणि बाईंचा आवाज तुटे. फोनवर व्होल्टी, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरूनच बोलण्याची सोय, नसेल तर कॉलसाठी तो टूजीवर उतरतो आणि बोलणे संपेपर्यंत डेटा थांबतो, हे त्यामागचे कारण. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून फोरजीवरच बोलण्याची सोय वाढली. तिथे मात्र फोनही जुना होता आणि रेंजही अर्धवट. ती सहावीतली मुलगी दाराच्या चौकटीला टॅब टेकवून वडिलांच्या वाटेकडे बघत बसायची. ज्या टॅबमध्ये सिम नसते, तो दुसऱ्याच्या फोनच्या भरवशावर असतो आणि आपल्याकडे तो फोन घरात थांबत नाही.

याविरुद्धचा युक्तिवाद मला मान्य आहे, तो खर्चाचा. दुसरे सिम म्हणजे दुसरा रिचार्ज, आणि तो संपला की सिमवाला टॅबही वायफायवाल्याच्या रांगेत जातो. त्या दृष्टीने इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीच्या ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थेने जेईई, नीटच्या विद्यार्थ्यांना टॅबसोबत रोजचा ६ जीबी डेटाही देऊ केला, ही मोठी सुधारणा होती. लातूर-नांदेडकडे या परीक्षांची तयारी करणारी खेड्यांतली मुले किती आहेत, हे पाहिले म्हणजे तिचे मोल कळते.

फोन मोठे झाले, आता टॅबमध्ये फोन कशाला, असेही विचारले जाते. नोकिया ७७० चा पडदा आजच्या साध्या स्मार्टफोनपेक्षाही लहान होता, हे खरेच आहे. पण २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, त्यासोबत अक्षांश-रेखांश जायचे आणि नोंद सातबाऱ्यावर चढायची. नोंदणीसाठीचा संकेतांक मोबाइल क्रमांकावर येतो. ज्यांना फोनवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत त्या आजोबांना मोठा पडदा हवा असतो, रानात वायफाय नसते आणि एसएमएस न घेणाऱ्या टॅबवर तो संकेतांक येत नाही. डेटा, ठिकाण आणि एसएमएस या तिन्ही गोष्टी एकाच हातात लागतात. त्यामुळे पैठण गेटवर कोणी मला विचारलेच, तर मी आधी एवढेच विचारतो की टॅब घरात राहणार आहे की रानात जाणार आहे. रानात जाणार असेल तर सिमवाला घ्या, आणि त्याच्यावर कॉल व एसएमएस येतो का, हे दुकानातच स्वतःचे सिम घालून पाहा.