नायट्रस ऑक्साइड

नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून बनलेला हा रंगहीन वायू. त्याला किंचित गोडसर वास असतो आणि तो हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. अमोनियम नायट्रेट जपून तापवून तो तयार करतात. ‘लाफिंग गॅस’ या नावाने तो सर्वांना ठाऊक आहे. या नावामुळे तो निरुपद्रवी वाटतो, पण तो तसा नाही.

जोसेफ प्रिस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू प्रथम वेगळा केला. ब्रिस्टलमध्ये हंफ्री डेव्ही यांनी १७९९ मध्ये तो स्वतः भरपूर हुंगून पाहिला. अक्कलदाढेचा ठणका त्याने थांबतो हे त्यांच्या लक्षात आले. शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल असे त्यांनी १८०० मध्ये छापूनही ठेवले, पण पुढची चाळीसेक वर्षे हा वायू जत्रा-खेळांतली करमणूकच राहिला. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १० डिसेंबर १८४४ रोजी अशाच एका खेळात वायू हुंगलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्याला ती कळलीही नाही. प्रेक्षकांत बसलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दुसऱ्याच दिवशी वायू घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली. बोस्टनमधले त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक मात्र फसले. रुग्ण ओरडला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

हे अपयश समजण्यासारखे आहे, कारण भुलेचे औषध म्हणून हा वायू दुबळाच आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली शंभर टक्के दिला तरी शस्त्रक्रियेपुरती भूल भरवशाने येत नाही, आणि शंभर टक्के दिला तर प्राणवायूला जागाच उरत नाही. जुने दंतवैद्य तो शुद्ध देत, रुग्ण काळानिळा पडे आणि तेवढ्यात दात उपटला जाई. त्या गुंगीत गुदमरण्याचाही वाटा होता. आता तो प्राणवायूत मिसळून, दुसऱ्या औषधांच्या जोडीला देतात. वेदना कमी करण्यात तो तरबेज आहे, चढतो झटपट आणि उतरतोही झटपट. बाळंतपणात निम्मा वायू व निम्मा प्राणवायू असे मिश्रण देतात. मुखवटा बाईने स्वतःच धरायचा असतो. गुंगी वाढली की हात आपोआप खाली येतो, म्हणून तो नवऱ्याने किंवा नर्सनेही धरून ठेवू नये असा दंडक आहे.

भारतात याचा सिलिंडर निळा असतो. आत द्रव आणि त्यावर वायू असल्याने द्रव संपेपर्यंत दाबमापकाचा काटा जवळपास हलत नाही. शिल्लक किती ते कळायला सिलिंडरचे वजनच करावे लागते. ३६.५ अंश सेल्सिअसच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही आणि बंद सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. म्हणूनच उष्ण प्रदेशांत सिलिंडर थंड प्रदेशांपेक्षा कमी भरतात.

सर्वांत भयंकर अपघात नळ्यांच्या अदलाबदलीतून होतात. इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयात २०१६ मध्ये प्राणवायूच्या नळीतून हा वायू गेला आणि दोन मुले दगावली. अशी चूक टाळण्यासाठी सिलिंडरच्या तोंडाशी प्रत्येक वायूसाठी वेगळ्या जागी भोके असतात आणि यंत्रावरच्या खुंट्या फक्त आपल्याच वायूच्या भोकांत बसतात. भिंतीमागे नळ्याच उलट जोडल्या गेल्या तर मात्र या खुंट्यांचा काही उपयोग नाही. तिथे वापरापूर्वी प्राणवायूचे प्रमाण मोजणे एवढाच उपाय आहे.

रक्तात हा वायू नायट्रोजनपेक्षा सुमारे चौतीसपट जास्त विरघळतो. त्यामुळे शरीरातल्या बंद पोकळीत तो शिरतो लवकर, पण तिथला नायट्रोजन बाहेर पडतो सावकाश. परिणामी पोकळी फुगते. छातीत हवा साठलेल्या, आतडे अडलेल्या किंवा डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडलेल्या रुग्णाला तो देत नाहीत.

दुसरा धोका हळू येतो. हा वायू ब१२ जीवनसत्त्वातल्या कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतो, आणि मज्जातंतूंवरचे आवरण झिजू लागते. आधी पायाला मुंग्या येतात, मग चालताना तोल जातो. पूर्ण शाकाहारी लोकांत ब१२ची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, त्यामुळे त्यांना हा धोका जास्त.

युरोपात हे दुखणे तरुणांत दिसते. वायू लोण्यात, सायीत सहज विरघळतो. म्हणून क्रीम फेसाळायला आठ ग्रॅमच्या छोट्या नळकांड्या विकल्या जातात. त्या नळकांड्यांतलाच वायू फुग्यात भरून नशेसाठी हुंगतात. थेट नळकांडीतून ओढल्यास थंडीने ओठ-घसा भाजतो. नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून, तर ब्रिटनने त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नशेसाठी तो बाळगणे गुन्हा ठरवले.

तापल्यावर तो फुटून प्राणवायू देतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत आणि काही रॉकेटांत त्याचा वापर होतो. २००४ मध्ये अंतराळाच्या सीमेपार गेलेल्या ‘स्पेसशिपवन’ या खासगी यानात तो होता. पुढे २००७ मध्ये ते यान बनवणाऱ्या कंपनीच्या मोहावी येथील चाचणीत याच वायूच्या टाकीचा स्फोट होऊन तिघे मरण पावले.

हवेत तो शतकभर टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. ओझोनचा थरही तो पोखरतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या या वायूचा मोठा भाग शेतातून येतो, कारण पिकाने न उचललेल्या युरियावर मातीतले जिवाणू काम करतात. रुग्णालयांचा वाटा त्यामानाने लहान. तरीही ब्रिटनमधील काही रुग्णालयांनी मोजणी केली तेव्हा रुग्णापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक वायू नळ्यांतून गळताना आढळला, आणि त्यांनी मध्यवर्ती पुरवठा बंद करून भूलयंत्रालाच छोटे सिलिंडर जोडले.