परोपकारवृत्ती, महानगरीय

परतफेडीची अपेक्षा न ठेवता शहरवासी, बहुधा अनोळखी माणसाला, जी मदत करतो तिच्यामागील प्रेरणा. यासाठीची युरोपीय संज्ञा ('अल्ट्रुइझम') फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँतने १९व्या शतकाच्या मध्यास रूढ केली. मराठीतील 'परोपकार' त्याहून पुष्कळ जुना व पुण्यकल्पनेशी बांधलेला. दोन्ही सर्वस्वी समानार्थी नव्हेत.

गर्दी मदतीला मारक की पूरक, हा मुख्य वाद. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जिनोव्हीजचा खून ३८ जण नुसते पाहत राहिले, असे वृत्त छापून आले. त्यानंतर बिब लाताने व जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून (१९६८) मांडले, की बघे जितके अधिक तितकी जबाबदारी त्यांच्यात विभागली जाते आणि मदत दुरावते. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमच्या मते (१९७०) शहरी माणूस गजबजाटापासून बचाव म्हणून लक्षच आखडते घेतो. मात्र ३८ बघ्यांची कथा पुराव्यावर टिकत नाही, असे २००७ मध्ये दाखवण्यात आले. पुढे ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर व केपटाउन येथील २१९ भांडणांच्या कॅमेरा-चित्रणांत दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेले दिसले. बघे वाढले तशी ती शक्यताही वाढली.

मुंबईचा अनुभव या दुसऱ्या मताकडे झुकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून घरी निघालेल्यांना वस्त्यांतील लोकांनी चहा-बिस्किटे दिली, दोर धरून पार केले. संकट उघड होते आणि सगळ्यांवर सारखेच होते.

एरवी ओळखीचे निमित्त लागते. गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत नवख्याला वळकटीपुरती जागा मिळे, बदली (गैरहजराच्या जागी लागणाऱ्या) कामगाराला खानावळीत उधारी मिळे. लोकलमध्ये धावत येणाऱ्याला दारातून हात दिला जातो. "जरा सरकून घ्या" म्हटले की तिघांच्या बाकावर चौथी सीट होते. अर्थात, विरार लोकलमध्ये अलीकडच्या बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याच्या वाट्याला हा परोपकार सहसा येत नाही.

अपघातग्रस्ताला उचलताना आड येई ती पोलीस-कोर्टाच्या चकरांची धास्ती. मदतकर्त्याला संरक्षण देणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार मदतकर्त्याने आपले नाव सांगणे ऐच्छिक आहे.