कॅमेऱ्याची मांडणी, औद्योगिक यंत्रदृष्टीतील

कारखान्यात तपासणी, मापन किंवा यंत्रमानवाचे मार्गदर्शन यांसाठी कॅमेरा वस्तूपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात आणि प्रकाशाच्या कोणत्या बाजूस बसवावा, हे ठरविण्याचे तंत्र. अंतराचे गणित सोपे आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला दृश्यक्षेत्राच्या रुंदीने गुणून सेन्सरच्या (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या भागाच्या) रुंदीने भागले, की ते स्थूलमानाने मिळते. सेन्सर ८.४ मिमी. रुंद, भिंगाचे नाभीय अंतर १६ मिमी. आणि वस्तू वाहून नेणारा पट्टा ४२० मिमी. रुंद असेल, तर कॅमेरा सुमारे ८०० मिमी. उंचीवर येतो.

कोनाचा प्रश्न अधिक अवघड. समोरून बसविलेल्या कॅमेऱ्यात चकचकीत धातूवर दिव्याची झळाळी उमटते. ती टाळण्यासाठी तो तिरपा केला, तर आयताचा समलंब चौकोन दिसतो आणि वस्तूची एक कड अस्पष्ट होते. आकारातील विकृती संगणकाने सुधारता येते, अस्पष्टता मात्र प्रकाशकीनेच दूर करावी लागते. त्यासाठी सेन्सर, भिंग आणि वस्तू यांची प्रतले एकाच रेषेत छेदतील, असे भिंग किंवा सेन्सर कलवितात.

हा नियम ऑस्ट्रियन सैन्याधिकारी टेओडोर शाइमफ्लूग (१८६५–१९११) यांच्या नावाने ओळखला जातो. हवाई छायाचित्रांतील तिरपेपणा काढण्याच्या खटपटीत त्यांनी १९०४ च्या ब्रिटिश पेटंटात तो मांडला. तथापि फ्रेंच अभियंते झ्यूल कार्पांतिये (१८५१–१९२१) यांच्या १९०१ च्या ब्रिटिश पेटंटात, छायाचित्र मोठे करण्याच्या उपकरणासंदर्भात, तो आधीच आढळतो व शाइमफ्लूग यांनी त्याचा निर्देशही केला आहे. नियमाचे मूळ फ्रेंच गणितज्ञ झेरार देझार्ग यांच्या सतराव्या शतकातील प्रमेयापर्यंतही नेले जाते. त्या प्रमेयाशी नियमाची सांगड घालता येते, हे खरे. पण तेवढ्यावरून शोधाचे श्रेय देझार्ग यांना देणे ओढूनताणून वाटते. कल्पना कार्पांतिये यांची, विस्तार शाइमफ्लूग यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक.

लेसर-रेषेने उंची मोजताना कॅमेरा मुद्दामच तिरपा असतो. रेषा वरून लंब पडत असेल, तर मोजता येणारा उंचीतील किमान फरक ठोकळमानाने पिक्सेलच्या वस्तूवरील आकारास लेसर व कॅमेरा यांच्या दिशांमधील कोनाच्या साइनने भागून येतो. ३०° ला तो पिक्सेलच्या दुप्पट. कोन वाढविला, की हा फरक लहान होतो, पण खोलगट भाग कॅमेऱ्याच्या दृष्टिआड जातात.

जनरल मोटर्सच्या ‘कॉन्साइट’ (१९७९) या प्रणालीत उलट योजना होती : कॅमेरा सरळ वर, दिवे तिरपे. दोन्ही बाजूंच्या प्रकाशरेषा पट्ट्यावर एकाच जागी पडत आणि वस्तू आली, की सरकून कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर जात. एकच दिवा असता, तर उंच वस्तूने प्रकाश आधीच अडविल्यामुळे ती प्रत्यक्षात पोहोचण्यापूर्वीच आल्याचा भास झाला असता.