सत्तासंतुलन व राजनय

सत्तासंतुलन : सार्वभौम राज्यांच्या समूहात कोणतेही एक राज्य इतरांवर हुकमत गाजवण्याइतके प्रबळ होऊ नये, म्हणून युती, तह, शस्त्रसज्जता किंवा प्रदेशांची वाटणी या मार्गांनी साधली जाणारी शक्तीची विभागणी. अशा व्यवस्थेत प्रत्येक राज्याला इतरांच्या बळाची व हेतूंची सतत खबर लागते. त्यामुळे परराज्यात कायम राहणारा दूत आणि संतुलनाचे धोरण यांची वाढ एकमेकांच्या आधाराने झाली.

दूत पाठवण्याची प्रथा फार जुनी आहे. ईजिप्तचा दुसरा रामसेस व हिटाइट राजा तिसरा हट्टुसिली यांच्यात इ. स. पू. तेराव्या शतकात झालेल्या तहाचा मजकूर ईजिप्शियन व अक्कडियन भाषांत उपलब्ध आहे. शेजारचा राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र, हे कौटिल्याच्या राजमंडलामागील (राज्यांच्या वर्तुळाच्या कल्पनेमागील) गृहीतक तर पुढच्या अनेक युतींना लागू पडते. तथापि प्राचीन दूत बहुधा एखाद्या कामापुरते जात व परतत.

निवासी दूतांची पद्धत रुळली ती पंधराव्या शतकातील इटलीत. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, नेपल्स व पोपचे राज्य यांपैकी कोणालाही उरलेल्या चौघांना जिंकणे शक्य नव्हते, आणि १४५४ च्या लोदीच्या तहाने या परिस्थितीला कराराचे रूप दिले. व्हेनिसचा राजदूत मायदेशी परतल्यावर त्या दरबाराचे उत्पन्न, सैन्य व अंतर्गत गटबाजी यांचा तपशीलवार अहवाल सिनेटपुढे मांडत असे. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स आल्प्स ओलांडून आला तेव्हा इटलीतील संतुलन कोसळले. पद्धत मात्र युरोपभर पसरली.

ऑस्ट्रिया व स्पेनवर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्याच्या वाढत्या सत्तेला आवर घालण्यासाठी कॅथलिक फ्रान्सने ऑटोमन सुलतान सुलेमानशी संधान बांधले, आणि पुढे १६३१ मध्ये फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यूने प्रॉटेस्टंट स्वीडनला युद्धासाठी पैसा पुरवला. राज्याचे हित धर्मबंधनापेक्षा वरचढ ठरल्याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल. सार्वभौम राज्यांची व्यवस्था तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहांपासून सुरू झाली, असे सरसकट सांगितले जाते. ते अतिशयोक्त आहे, कारण अनेक जर्मन राज्यांना एका सम्राटाखाली बांधणारे पवित्र रोमन साम्राज्य त्यानंतरही १८०६ पर्यंत टिकून होते. फ्रान्स व स्पेनचे मुकुट एका डोक्यावर येऊ न देणाऱ्या १७१३ च्या उत्रेख्त तहांत मात्र सत्तासंतुलनाचा उल्लेख थेट मजकुरातच आला.

या धोरणाचा हेतू शांतता हा नव्हे. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी आपापसांतील तोल सांभाळण्यासाठीच १७७२, १७९३ (या वेळी ऑस्ट्रियाविना) व १७९५ मध्ये पोलंडचे लचके तोडले आणि ते राज्य नकाशावरून पुसले.

नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्ना परिषदेने (१८१४–१५) नवी घडी बसवली. तिने दूतांच्या श्रेणीही ठरवल्या. त्याआधी मानाच्या क्रमावरून रक्तपात होत असे : १६६१ मध्ये लंडनच्या रस्त्यात पुढची जागा मिळवण्यासाठी स्पेन व फ्रान्स यांच्या राजदूतांची माणसे एकमेकांवर तुटून पडली होती. आता एका श्रेणीतील दूतांचा क्रम, आगमनाची सूचना कोणी आधी दिली, यावरून लागू लागला. पराभूत फ्रान्सलाही १८१८ मध्ये बड्या सत्तांच्या वर्तुळात घेण्यात आले. या व्यवस्थेच्या टिकाऊपणाचे बरेचसे श्रेय त्या शहाणपणाला द्यावे लागते. रशियाविरुद्ध ब्रिटन व फ्रान्स लढलेल्या क्रिमियन युद्धाने (१८५३–५६) ती खिळखिळी केली. पुढे जर्मनीचा चान्सलर बिस्मार्कने फ्रान्सला एकाकी ठेवणारे तहांचे जाळे विणले, परंतु १८९० मध्ये जर्मनीने रशियाशी असलेल्या गुप्त कराराचे नूतनीकरण केले नाही आणि १८९४ पर्यंत फ्रान्स व रशिया मित्र झाले. लवचीक युतींच्या जागी दोन ताठर गट उभे राहिल्याने १९१४ मधील एका हत्येचे (ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या) पर्यवसान महायुद्धात होणे सोपे झाले.

युद्धानंतर गुप्त तहांवर टीकेची झोड उठली आणि सदस्य राज्यांनी आपले तह राष्ट्रसंघाकडे नोंदवावेत, असा नियम झाला. १९४५ नंतर अण्वस्त्रांमुळे तोलाचे माप बदलले व अमेरिका आणि सोव्हिएट संघ या प्रमुख सत्ता दोनच उरल्या. क्यूबातील सोव्हिएट क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये उद्भवलेल्या पेचप्रसंगात संदेश पोहोचायला तासन्‌तास लागल्याने १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट संदेशवाहिनी जोडण्यात आली. तीही टेलिफोनची नव्हे, दूरमुद्रकाची (टेलिप्रिंटरची) होती, कारण बोलण्यातून गैरसमज होण्याचा धोका दोन्ही बाजूंना टाळायचा होता.