सेनपुकु आणि काकुरे: जपानच्या छुप्या ख्रिस्ती लोकांच्या दोन वाटा

नागासाकीच्या छुप्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट बहुतेक ठिकाणी एका दमात सांगून टाकतात. बंदी आली, पाद्री मारले गेले, गावकऱ्यांनी दोन-अडीचशे वर्षं श्रद्धा लपवून जपली, मग पाद्री परत आले आणि सगळे आनंदाने चर्चमध्ये परतले. यातलं शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. बरेच जण परतलेच नाहीत. आणि हे न परतलेले लोक काही घाबरट नव्हते. त्यांच्याही आज्या-पणज्यांनी तोच छळ सोसला होता.

जपानी अभ्यासक म्हणूनच दोन नावं वापरतात. बंदीच्या काळात बाहेरून बौद्ध आणि घरात ख्रिस्ती राहिले ते ‘सेनपुकु किरिशितान’. बंदी उठल्यावरही चर्चमध्ये न जाता आपली घरातली रीत तशीच चालवत राहिले ते ‘काकुरे किरिशितान’. आपण मराठीत दोघांनाही ‘छुपे ख्रिस्ती’ म्हणून मोकळे होतो. पण संकटात श्रद्धा कशी टिकते हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याने हा फरक सोडू नये. माझ्या मते सगळं शिकण्यासारखं त्या फरकातच आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात, कारण तिच्यात आपला एक वसईकरही आहे. गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर 15 ऑगस्ट 1549 ला कागोशिमाला उतरला. सोबत अंजिरो नावाचा जपानी होता, त्याचा बाप्तिस्मा गोव्यातच झालेला. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत जपानात ख्रिस्ती लोकांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली. 1587 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं. त्यांतला एक होता गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन ब्रदर. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. 1862 मध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळालं, म्हणून तो भारताचा पहिला संत. 1614 मध्ये देशभर बंदी आली, 1637-38 मधलं शिमाबाराच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचं बंड चिरडलं गेलं, आणि 1644 मध्ये कोनिशी मान्शो हा देशातला शेवटचा पाद्री मारला गेला.

(त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, धर्मांतरितांच्या घरात जुन्या चालीरीती हुडकत होतं, हे विसरून ही गोष्ट सांगू नये. छळ सोसणारे आणि छळ करणारे एकाच चर्चचे होते.)

कॅथलिक पद्धतीत पाद्री नसला की जवळजवळ सगळंच अडतं. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना नाही, कुमसार म्हणजे पापांची कबुली ऐकायला कोणी नाही, मरणाऱ्याला तेल लावायला कोणी नाही. उरतो बाप्तिस्मा, कारण अडीनडीला तो कुणीही देऊ शकतो. वर सरकारची व्यवस्था कडेकोट होती. प्रत्येक घराची नोंद बौद्ध मंदिरात हवी. पाच-पाच घरांचे गट, त्यांतल्या एकाने गुन्हा केला तर पाचही घरं जबाबदार. चौकाचौकांत पाट्या होत्या आणि पाद्री दाखवून देणाऱ्याला चांदीची 500 नाणी जाहीर झाली होती.

यावर नागासाकीजवळच्या उराकामी आणि सोतोमेच्या खेड्यांनी जे उभं केलं ते आपल्याकडच्या भिशी मंडळाइतकं साधं आणि तितकंच काटेकोर होतं. ‘चोकाता’ कॅलेंडर सांभाळायचा: कुठला सण कधी, उपास कधी, कोणत्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. ‘मिझुकाता’ बाप्तिस्मा द्यायचा. ‘किकियाकु’ घरोघरी निरोप पोचवायचा. तिघेही शेतकरी किंवा कोळी. छळात श्रद्धा टिकवणारे म्हणजे एकटेच छाती काढून उभे राहिलेले वीर, अशी आपली समजूत असते. इथे ती कामं वाटून घेतल्याने टिकली. चोकाताला तारखा येत होत्या, म्हणून बाकीच्यांना त्या विसरणं परवडत होतं.

दर वर्षाच्या सुरुवातीला ‘एफुमी’साठी, म्हणजे आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला पवित्र चित्रावर पाय ठेवण्यासाठी, बोलावणं यायचं. नागासाकीत 1669 साली यासाठी पितळेच्या वीस प्लेटी ओतवून घेतल्या होत्या. क्रुसावरचा ख्रिस्त, बाळाला घेतलेली मारिया, अशी चित्रं त्यांवर उठावात होती. त्यांतल्या एकोणीस आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि वर्षानुवर्षं पाय पडून त्यांवरचे चेहरे गुळगुळीत झालेत. अधिकाऱ्यांसमोर अनवाणी पाय ठेवायचा, वहीत नाव लागायचं, घरी यायचं. घरी आल्यावर दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना, ‘कोंचिरिसान’. ती कुठून आली हे फार महत्त्वाचं आहे. 1603 सालच्या एका छोट्या पुस्तिकेत शिकवलं होतं की पाद्री मिळणं शक्यच नसेल तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करावा, पुढे संधी मिळाली की कुमसार करीन असा निश्चय करावा, म्हणजे क्षमा मिळते. ही पुस्तिका हाताने नकलून पिढ्यानपिढ्या फिरली.

‘पुढे संधी मिळाली की’ या अटीमुळे खातं कायम उघडं राहिलं. दर वर्षी पाय ठेवणारा माणूस दर वर्षी स्वतःला सांगत होता की माझी कुमसार अजून बाकी आहे, म्हणजे पाद्री अजून यायचा आहे. सोतोमेच्या परिसरात बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाचं एक भाकीतही सांगत: सात पिढ्या तुम्ही माझी लेकरं राहाल, मग मोठ्या काळ्या जहाजांतून कुमसार ऐकणारे पाद्री येतील, हवी तर दर आठवड्याला कुमसार करता येईल, आणि ख्रिस्ती गाणी रस्त्यातून मोठ्याने गाता येतील. 1634 सालावर बेतलेलं कॅलेंडरही याच बास्तियानच्या नावाने चालायचं.

आता 17 मार्च 1865, शुक्रवार. परदेशी व्यापाऱ्यांसाठी नागासाकीत नुकतंच ओउरा चर्च बांधून झालं होतं, आणि ते अर्पण केलं होतं त्याच सव्वीस हुतात्म्यांना. म्हणजे त्या नावात वसईचा गोन्सालोही आला. उराकामीहून पंधराएक माणसं आली. एका बाईने फ्रेंच पाद्री बर्नार पेतिजाँ यांच्या कानाशी सांगितलं की आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? हा प्रसंग सगळेच सांगतात. मला त्याच्या पुढचा जास्त मोलाचा वाटतो. बोलता बोलता ते म्हणाले की आम्ही प्रभूचा जन्म थंडीच्या महिन्यात साजरा करतो, आणि आज आमच्या दुःखकाळाचा सतरावा दिवस आहे. तुम्हीही पाळता का?

दुःखकाळ म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार 1 मार्चला. 1 मार्चपासून मोजत या: 17 मार्च हा बरोबर सतरावा दिवस. शेवटचा पाद्री जाऊन 221 वर्षं झाली होती. ईस्टर दर वर्षी सरकतो, त्याच्या मागे उपासकाळही सरकतो. तरी नांगर धरणाऱ्या माणसांनी हिशेबात एका दिवसाचीही चूक होऊ दिली नव्हती.

पुढच्या काही आठवड्यांत आणखी गावं पुढे आली. त्यांनी पाद्र्यांचीच परीक्षा घेतली. तुम्ही लग्न करता का? रोममध्ये तुमचा मोठा कोण आहे? उत्तरं जुळली तेव्हा त्यांनी मान्य केलं.

इथून वाटा फुटतात. इथपर्यंत दोन गट नव्हतेच. उराकामी-सोतोमेच्या बाजूला तर एकच समाज होता, एकच दुःखकाळ, घरात लपवलेल्या कान्नोन या बौद्ध देवतेच्या त्याच चिनी बनावटीच्या पांढऱ्या मूर्ती, ज्यांच्यात ते मारिया पाहत. 1865 नंतर काही गावं चर्चमध्ये गेली, काही नाही, आणि कित्येक गावं मधोमध फुटली.

न जाणाऱ्यांची कारणं ऐकली की त्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. भीती होतीच, कारण बंदी अजून उठली नव्हती. पण नुसती भीती असती तर 1873 मध्ये बंदी उठल्यावर ते आले असते. नव्या पाद्र्यांना शंका होती की झिजलेल्या शब्दांत दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य आहे की नाही, म्हणून तो पुन्हा घ्यायला सांगत. घरातला बौद्ध देव्हारा आणि पूर्वजांच्या नावाच्या पाट्या काढायला सांगत. ज्याचा आजा चोकाता होता त्याला आता परदेशी माणसासमोर धडे गिरवायला बसायचं होतं. आणि आमचा बाप्तिस्मा खरा नसेल, तर ज्यांनी आमच्यासाठी हाल काढले त्या पूर्वजांचं काय? हा प्रश्न मला तरी क्षुल्लक वाटत नाही.

इकित्सुकी बेटावर काकुरे परंपरा सगळ्यांत घट्ट राहिली. तिथे घराच्या आतल्या खोलीत ‘नांदोगामी’ ठेवतात. त्या बहुधा चित्रांच्या गुंडाळ्या असतात, मारिया आणि बाळ जपानी वेशात. जवळच्या नाकाएनोशिमा या निर्जन बेटावर 1622 च्या सुमारास ख्रिस्ती लोकांना मारलं होतं. तिथल्या खडकातून झिरपणारं पाणी बाप्तिस्म्यासाठी आणत. ‘ओराशो’ म्हणजे प्रार्थना, लॅटिन-पोर्तुगीज-जपानी मिसळलेल्या, पाठ करून म्हणायच्या. शब्द राहिले, त्यांतल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ गेला. सोतोमेकडच्या एका हस्तलिखितात तर येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पोंतियस पिलात हा एक माणूस न राहता दोन माणसं होऊन बसलाय. हे वाचून हसू येतं, पण छापील बायबल हाताशी नसताना आपल्या घरात सात पिढ्यांनी काय शाबूत राहिलं असतं, हेही मनात येतं.

आणि मुख्य म्हणजे इकित्सुकीकडे बास्तियानचं कॅलेंडर आणि भाकीत ही परंपरा नव्हती. तिथली श्रद्धा स्थानिक हुतात्म्यांभोवती आणि घरच्या नांदोगामीभोवती विणलेली होती. तिला कुणाची वाट पाहायची नव्हती, तिचं सगळं बेटावरच होतं. काळं जहाज आलं तेव्हा तिला काही कमी आहे असं वाटलंच नाही. सेनपुकु काळातल्या उराकामीकराला मात्र आपल्याकडे काय नाही याची यादी तोंडपाठ होती. अर्थात हे गणित इतकं सरळ नाही. सोतोमेत बास्तियानला मानणाऱ्यांतलेही बरेच जण परतले नाहीत, आणि तिथल्या कारेमात्सु देवस्थानात त्याच्या गुरूची, सान जिवानची, पूजा राहिली. तरी दोन्हींतला फरक सांगायचा तर मी एवढाच सांगेन: एकांनी श्रद्धा उणीव म्हणून सांभाळली, दुसऱ्यांनी वारसा म्हणून. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

आता कोणी म्हणेल, परतणाऱ्यांचं भलं झालं. ते तसं झालं नाही. 1867 मध्ये उराकामीकरांनी बौद्ध भिक्षूला न बोलावता आपले मृत पुरायला सुरुवात केली आणि अटकसत्र सुरू झालं. सरकार बदललं, लष्करी शासक शोगुन गेला, सम्राट आला, तरी धोरण तेच. सुमारे 3,400 जणांना, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गावाला, देशभरातल्या वीसेक ठिकाणी हद्दपार केलं. त्यांतल्या त्सुवानोला माणसांना धड उभंही राहता येणार नाही अशा लाकडी पिंजऱ्यात कोंडलं, गोठलेल्या तळ्यात उतरवलं. 1873 मध्ये परदेशी सरकारांच्या दबावाखाली बंदीच्या पाट्या काढल्या, तोवर 600 हून जास्त लोक मेले होते. दोनशे वर्षं लपून राहणाऱ्यांना लपणं जमलं होतं, उघड होणं महागात पडलं. आशा पूर्ण झाली की छळ संपतो, असं समजणाऱ्याने हा तपशील लक्षात ठेवावा. परत आलेल्यांनी, जिथे त्यांना एफुमीसाठी बोलावत त्या गावच्या मुखत्याराच्या वाड्याचीच जागा विकत घेतली आणि तिथे चर्च उभारलं. 9 ऑगस्ट 1945 च्या बॉम्बमध्ये ते कोसळलं, 1959 मध्ये पुन्हा बांधलं.

काकुरे लोकांना यातलं फारसं सोसावं लागलं नाही. त्यांच्यापुढचं संकट वेगळं निघालं. बंदी उठली तरी गुप्तता हाच विधीचा भाग होऊन बसला होता, त्यामुळे नवीन माणूस आत येणार कुठून? तरुण शहरात गेले, ओराशो पाठ करायला वेळ कुणाला नाही, आणि एकेक गट आपला नांदोगामी संग्रहालयाच्या हवाली करून बंद होत गेला. कारेमात्सुला 2000 सालापासून दर वर्षी कॅथलिक, काकुरे आणि बौद्ध मिळून एक सोहळा करतात. ज्या गावात एकाच घराण्याच्या शाखा तिन्हीकडे वाटल्या गेल्या, तिथे हे बरंच झालं म्हणायचं.

नागासाकीला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेली बारा ठिकाणं मुख्यतः सेनपुकुंची, म्हणजे वाट पाहणाऱ्यांची आहेत. ओउरा चर्च त्यांत आहे, नाकाएनोशिमाही आहे. खुद्द इकित्सुकी, जिथे काकुरे रीत सगळ्यांत जास्त टिकली, त्या यादीत नाही. तिकडे वेगळा वेळ काढावा लागतो. तिथल्या स्थानिक संग्रहालयात नांदोगामी पाहायला मिळतात.